फाइलमध्ये फंक्शन्स कुठल्या क्रमाने लावायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली लिहिलंय ते नियम नाहीत, माझी आवड आहे, आणि जिथे भाषाच क्रम ठरवते तिथे माझ्या आवडीला कोणी विचारत नाही, तेही लिहिलंय. सबरूटीन, फंक्शन, प्रोसिजर, मेथड हे सगळं इथे एकाच अर्थाने घ्या, उगाच त्यावरून वाद नको.

एडिटरमध्ये एका क्लिकवर उडी मारता येते, मग क्रमाने फरक काय पडतो?

उडी मारायला नाव माहीत लागतं ना. फाइल पहिल्यांदा उघडलीय, आत काय आहे पत्ता नाही, तेव्हा माणूस वरून खाली स्क्रोलच करतो. आणि सगळं वाचन काय एडिटरमध्ये होत नाही. रिव्ह्यूला आलेला डिफ (काय काय बदललं त्या ओळी) ब्राउझरमध्ये दिसतो, रात्री सर्व्हरवर शिरून नुसत्या व्हीआय या साध्या एडिटरमध्ये फाइल बघायची वेळ येते, कोणीतरी चॅटवर अर्धी फाइल पेस्ट करतं, अशा वेळी कॉल करणारं फंक्शन आणि त्याचं हेल्पर, म्हणजे त्याच्या मदतीचं छोटं फंक्शन, एका स्क्रीनवर दिसत असेल तर काम पाच मिनिटांत होतं, नाहीतर वरखाली करण्यातच डोकं फिरतं. आउटलाइनच्या पॅनेलमध्येसुद्धा, नावानुसार सॉर्ट करायला सांगितलं नसेल तर, फाइलमधलाच क्रम दिसतो, म्हणजे तुम्ही लावलेला क्रम तिथेही वाचला जातोच.

हा प्रश्न जुना आहे की आत्ताचा?

सबरूटीन जितकं जुनं तितकाच. केंब्रिजचं एडसॅक मशीन १९४९ मध्ये चालू झालं, त्यावर विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी सबरूटीन्सची लायब्ररी केली होती आणि ती चक्क कागदी पंच टेपवर होती, कपाटात ठेवलेली. हवी ती टेप काढायची आणि आपल्या प्रोग्रामच्या टेपवर तिची कॉपी उतरवून घ्यायची. त्या टेप्सना विषयानुसार अक्षरं दिलेली होती, छपाईच्या रूटीन्सना पी, त्रिकोणमितीच्या रूटीन्सना टी, अशी. म्हणजे पहिल्याच लायब्ररीत मंडळींनी विषयाप्रमाणे गट केले. मला हे फार आवडतं, कारण माझंही म्हणणं तेच आहे.

नंतर १९५८ च्या फोरट्रान टू मध्ये स्वतंत्रपणे कम्पाइल होणारी सबरूटीन्स आली. बेसिकमध्ये तर लाइन नंबरच असायचे, त्यामुळे मुख्य प्रोग्राम १० पासून, पहिलं सबरूटीन १००० पासून, दुसरं २००० पासून, असं लिहायची पद्धत पडली. मधली जागा भरली की सगळं रीनंबर करा.

मेन वर ठेवायचं की खाली?

मेन म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर भाषेप्रमाणे बदलतं.

पास्कलमध्ये निवड नाही. कम्पायलरने एकाच फेरीत फाइल वाचून संपवावी अशी ती भाषा आखलेली, वापरायच्या आधी नाव जाहीर झालेलं पाहिजे, आणि मुख्य ब्लॉक सगळ्यात शेवटी. म्हणून पास्कलची फाइल खालून वर वाचायची सवय लागते. सीमध्ये थोडी सूट आहे, वर प्रोटोटाइप, म्हणजे फंक्शन जाहीर करणारी नुसती ओळ, लिहून टाका आणि मग मेन कुठेही ठेवा. पण प्रोटोटाइप म्हणजे फंक्शनची सिग्नेचर (नाव, आर्ग्युमेंट्स, परत येणारा टाइप) दोन ठिकाणी लिहिणं, एक बदलली की दुसरी बदला, त्यामुळे बरेच सीवाले स्टॅटिक (फक्त त्याच फाइलपुरते) हेल्पर्स वर आणि मेन तळाला असंच लिहितात, मीसुद्धा सीमध्ये तसंच लिहितो. प्रोटोटाइपही नाही आणि व्याख्याही खाली, असं जुन्या सीमध्ये खपून जायचं, कम्पायलर समजून चालायचा की हे फंक्शन इंट परत करतं. दुसऱ्या फाइलमधलं, पॉइंटर परत करणारं फंक्शन असेल तर ६४ बिट मशीनवर यामुळे वाटोळं व्हायचं, वरचे बिट कापले जायचे. सी ९९ या मानकाने ही सवलत काढून टाकली, पण कम्पायलर बरीच वर्षं नुसती वॉर्निंग देत राहिले, जीसीसी या कम्पायलरने २०२४ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीत ती डीफॉल्ट एरर केली.

पायथॉनमध्ये लोकांचा गोंधळ होतो. डेफ ही ओळ रन होते तेव्हा फंक्शन तयार होतं, पण त्याच्या आत वापरलेली नावं शोधली जातात ती कॉल होतो तेव्हा. म्हणून मेन सगळ्यात वर लिहून त्यात खालची फंक्शन्स बिनधास्त वापरता येतात, फक्त मेनला प्रत्यक्ष कॉल करणारी ती नेहमीची इफ नेम वाली ओळ फाइलच्या तळाशी हवी. अपवाद असे की डेकोरेटर, आर्ग्युमेंटची डीफॉल्ट व्हॅल्यू आणि क्लासचा बेस क्लास हे डेफ किंवा क्लासची ओळ रन होतानाच लागतात, ते खाली ठेवले तर इम्पोर्ट करतानाच नेम एरर.

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन या शब्दाने सुरू होणारी व्याख्या आपोआप वर उचलली जाते त्यामुळे क्रम सुटा आहे, पण तेच फंक्शन कॉन्स्ट आणि बाण वापरून लिहिलं की व्याख्येची ओळ रन होण्याआधी त्याला हात लावता येत नाही. नुसती लिहिण्याची स्टाइल बदलली म्हणून वरपासून खाली लावलेली फाइल मोडते, हे बऱ्याच जणांना रिफॅक्टर करतानाच कळतं.

शेल स्क्रिप्टमध्ये मात्र मी हट्टाने सगळी फंक्शन्स आधी आणि शेवटच्या ओळीवर मेनला कॉल, असंच लिहितो. एकतर शेलमध्ये कॉल होईपर्यंत फंक्शन वाचून झालेलं पाहिजेच. दुसरं म्हणजे बॅश हा शेल स्क्रिप्टची फाइल थोडी थोडी वाचत वाचत चालवतो, स्क्रिप्ट नेटवरून थेट पाइप केली आणि मध्येच कनेक्शन तुटलं तर अर्धवट स्क्रिप्टसुद्धा चालून जाते, फाइल्स पुसणाऱ्या, अर्धवट कापलेल्या आरएम कमांडचा विचार करा. मेनचा कॉल शेवटच्या ओळीवर असेल तर ती ओळ आल्याशिवाय काहीच होत नाही.

फोरट्रान ९० मध्ये कंटेन्स आहे, मुख्य कोड वर, मग कंटेन्स, मग आतली सबरूटीन्स, म्हणजे भाषेनेच वरून खाली ठरवून दिलंय. जावा, गो, रस्ट यांना क्रमाशी देणंघेणं नाही. जिथे सूट आहे तिथे माझी पसंती स्पष्ट आहे, मेन किंवा फाइलचं मुख्य फंक्शन वर, तपशील खाली.

वरून खाली म्हणजे नक्की कसं, उदाहरण द्या ना.

समजा एक छोटा प्रोग्राम आहे, फाइल उघडतो, ओळी तोडतो, तारखा वाचतो, बेरीज करून रिपोर्ट छापतो. असा क्रम मी कितीदा तरी बघितलाय: तारीख_वाच, मेन, बेरीज_कर, फाइल_उघड, रिपोर्ट_छाप, ओळ_तोड, फाइल_बंद. ज्याला जेव्हा सुचलं तेव्हा लिहिलं. मी तो असा लावीन: मेन, फाइल_उघड, फाइल_बंद, ओळ_तोड, तारीख_वाच, बेरीज_कर, रिपोर्ट_छाप.

मेन वाचलं की पुढची फंक्शन्स ज्या क्रमाने कॉल झाली त्याच क्रमाने खाली भेटतात. तारीख_वाचला फक्त ओळ_तोडच कॉल करतं म्हणून ते लगेच त्याच्या खाली. फाइल_बंद खरं तर मेनमध्ये सगळ्यात शेवटी कॉल होतं, तरी मी ते फाइल_उघडच्या शेजारी ठेवलं, कारण जोडीतली फंक्शन्स मी तोडत नाही. उघड आणि बंद, लॉक आणि अनलॉक, एन्कोड आणि डिकोड, एकात बदल केला की दुसऱ्यात करावा लागतोच, मग दोन्ही डोळ्यांसमोर हवीत. कॉलचा क्रम आणि जोडी यांच्यात भांडण झालं तर माझ्याकडे जोडी जिंकते.

अल्फाबेटिकल का नको? शोधायला सोपं पडतं की.

शोधायला सर्च आहे. अल्फाबेटिकलमध्ये ओपन आणि क्लोज तीनशे ओळींच्या अंतरावर जातात, आणि गेटने सुरू होणारी वीस फंक्शन्स एकत्र येतात ज्यांचा एकमेकांशी गेट सोडून काही संबंध नसतो. वर आणि फंक्शनचं नाव बदललं की त्याची जागा बदलायची, म्हणजे साध्या रिनेमचा डिफ पाच पानी.

एका ठिकाणी मला चालतं. सगळी फंक्शन्स एका दर्जाची आहेत, कोणी कोणाला कॉल करत नाही, म्हणजे कमांड लाइन टूलचे हँडलर वगैरे, आणि संख्या भरपूर आहे, तर तिथे अल्फाबेटिकल ठीक, कारण दुसरा कुठला क्रम तिथे सुचतच नाही.

पब्लिक वर, प्रायव्हेट खाली हे बरोबर ना?

अर्धं बरोबर. फाइल वापरायला आलेल्या माणसाला पब्लिक फंक्शन्स आधी दिसावीत हे मान्य. पण म्हणून सगळी प्रायव्हेट एकत्र करून तळाशी ढीग लावायचा हे मला पटत नाही. सन कंपनीने जावासाठी दिलेल्या जुन्या कोडिंग कन्व्हेन्शन्समध्येसुद्धा मेथड्स कामानुसार एकत्र ठेवा, पब्लिक प्रायव्हेटनुसार नको, असंच सांगितलंय, दोन पब्लिक मेथड्सच्या मध्ये एखादी प्रायव्हेट आली तरी हरकत नाही. सी शार्पची स्टाइल तपासणारं टूल स्टाइलकॉप, त्याचं याच्या उलट, तिथे ॲक्सेसनुसार क्रम तपासला जातो आणि चुकला की वॉर्निंग. तुमच्या प्रोजेक्टमध्ये स्टाइलकॉप चालू असेल तर वाद घालत बसू नका, तो सांगेल तसं लावा.

एकच हेल्पर तीन फंक्शन्स वापरतात, ते कोणाच्या खाली ठेवू?

तिघं शेजारी असतील तर तिसऱ्याच्या खाली. फाइलभर पसरलेली असतील तर तळाशी एक छोटा सामायिक भाग असू द्या, चार पाच फंक्शन्सचा. तो भाग वाढायला लागला, त्यात स्ट्रिंगचं एक, तारखेचं एक, नेटवर्कचं एक असं सगळं जमायला लागलं, की ती फंक्शन्स या फाइलची नाहीतच, योग्य फाइलमध्ये हलवा. फक्त त्या नव्या फाइलचं नाव युटिल ठेवू नका. युटिल म्हणजे घरातला तो माळा आहे जिथे टाकलेली वस्तू परत कोणी खाली काढत नाही.

नवीन फंक्शन फाइलच्या शेवटी टाकलं तर काय बिघडतं? सगळे तसंच करतात.

दोन गोष्टी. पहिली, काही महिन्यांत फाइलचा क्रम म्हणजे कोणतं काम कधी आलं याची डायरी होते, आणि वाचणाऱ्याला त्या डायरीत काडीचा रस नसतो. गूगलच्या जावा स्टाइल गाइडमध्ये हे सरळ लिहिलंय की नव्या मेथड्स सवयीने शेवटी जोडू नका, त्याने तारखेप्रमाणे क्रम लागतो, तो तर्काने लागलेला नसतो. तिथलाच दुसरा मुद्दा मला त्याहून आवडतो: क्रम कोणताही असो, तो का लावला हे विचारलं तर फाइल सांभाळणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट रोजच्या त्रासाची आहे. टीममधल्या दोघांनी आपापल्या ब्रँचवर फाइलच्या तळाशी एकेक फंक्शन जोडलं की गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलच्या) दृष्टीने दोघांनी एकाच जागी बदल केला, आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदल एकत्र करताना अडथळा, आलाच, दोन्ही फंक्शन्सचा एकमेकांशी संबंध नसताना. वर गंमत अशी की दोन्हींचा शेवटचा कंस सारखाच, मग गिट तो कंस सामायिक धरतं आणि कॉन्फ्लिक्ट सोडवताना एक कंस कमी पडतो. आपापल्या विषयाच्या गटात फंक्शन टाकलं असतं तर निम्मे कॉन्फ्लिक्ट झालेच नसते.

मी नवीन फंक्शन लिहिताना एवढंच बघतो की याला कोण कॉल करणार आणि याची जोडीदार कोण. बहुतेक वेळा जागा तिथेच सापडते. सापडली नाही तर फंक्शन चुकीच्या फाइलमध्ये लिहितोय का हे बघतो.

जुनी फाइल विस्कळीत आहे, सगळी नव्याने लावून टाकू का?

लावा, पण वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या वेगळ्या नोंदीत), आणि त्या कमिटमध्ये एका अक्षराचाही दुसरा बदल नको. फंक्शन हलवलं आणि हलवता हलवता आतली एक अटही बदलली, तर रिव्ह्यू करणाऱ्याला तो बदल दिसणारच नाही, डिफमध्ये चारशे ओळी लाल आणि चारशे हिरव्या. गिट डिफला कलर मूव्ह्ड हा ऑप्शन आहे, नुसत्या हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवतो, रिव्ह्यूला मागताना तो लावून बघा असं लिहून द्या.

ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटमध्ये आली ते दाखवणारी गिटची सोय) बिघडतो ही तक्रार खरी आहे, पण त्यावर इलाज आहे. गिट ब्लेमला डॅश कॅपिटल एम दिलं की त्याच फाइलमध्ये हललेल्या ओळी ओळखून मूळ कमिट दाखवतो. शिवाय २०१९ च्या गिट २.२३ पासून ब्लेममध्ये ठरावीक कमिट्स वगळायची यादी देता येते, री-ऑर्डरचा कमिट त्यात टाकून द्या.

आणि दुसऱ्या कोणाची मोठी ब्रँच त्या फाइलवर चालू असेल तर ती मर्ज होईपर्यंत थांबा. नाहीतर शिव्या खाव्या लागतील, आणि त्या योग्यच असतील.

दोन फंक्शन्स एकमेकांना कॉल करतात, आधी कोण?

जिथे आधी जाहीर करावं लागतं तिथे भाषेने सोय ठेवलेली असते. पास्कलमध्ये फॉरवर्ड, सीमध्ये प्रोटोटाइप, ओकॅमल आणि एफ शार्पमध्ये लेट रेक लिहून दुसरं फंक्शन ॲन्डने जोडायचं. एफ शार्पमध्ये तर प्रोजेक्टमधल्या फाइल्सचा क्रमसुद्धा महत्त्वाचा, वरच्या फाइलला खालची दिसत नाही. सुरुवातीला वैताग येतो, पण आपोआप गोल गोल अवलंबित्व होत नाही हा मोठा फायदा.

बाकी ठिकाणी, ज्यातून बाहेरचा माणूस आत शिरतो ते आधी. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये (मजकूर व्याकरणाप्रमाणे वाचणाऱ्या कोडमध्ये) एक्सप्रेशन टर्मला बोलावतं, टर्म फॅक्टरला, आणि कंस आला की फॅक्टर परत एक्सप्रेशनला. इथे एक्सप्रेशन, टर्म, फॅक्टर याच क्रमाने ठेवा, व्याकरणाचे नियम कागदावर ज्या क्रमाने लिहितो तोच क्रम फाइलला येतो, आणि कागद शेजारी ठेवून फाइल वाचता येते.

सेक्शनच्या मोठ्या कमेंट्स, रीजन वगैरे वापरता का?

एका ओळीची कमेंट, हो. तारकांची चौकट काढलेली, नाही. सी शार्पचं रीजन मी टाळतो, कारण त्याने कोड घडी होऊन दिसेनासा होतो आणि लांबलचक फाइल लहान वाटायला लागते.

क्रमाने प्रोग्रामचा स्पीड बदलतो का?

जुन्या बेसिकमध्ये बदलायचा. बऱ्याच इंटरप्रिटर्समध्ये गोसब, म्हणजे सबरूटीनला कॉल करणारी कमांड, तिचा लाइन नंबर प्रोग्रामच्या सुरुवातीपासून शोधला जायचा, म्हणून सतत लागणारी सबरूटीन्स मुद्दाम वर ठेवायचे आणि पहिल्या ओळीवरून त्यांच्या पुढे उडी मारायचे. आता कम्पायलर आणि लिंकर स्वतःच फंक्शन्स मागेपुढे करतात, प्रोफाइल, म्हणजे कोणतं फंक्शन किती चालतं याची नोंद, देऊन करून घेता येतं. सोर्सचा क्रम वाचणाऱ्यासाठी ठेवा.

टेस्ट्स कुठे?

भाषेची पद्धत असेल तिथे. रस्टमध्ये युनिट टेस्ट्स त्याच फाइलच्या तळाशी वेगळ्या मॉड्यूलमध्ये, गोमध्ये शेजारच्या अंडरस्कोर टेस्ट फाइलमध्ये. टेस्ट फाइलमधला क्रम मूळ फाइलसारखाच ठेवा.

फाइल किती मोठी झाली की तोडायची?

ओळींचा आकडा मी देणार नाही, कारण दोन हजार ओळींची नीट लावलेली फाइल मी आरामात वाचलीय आणि दोनशे ओळींची वाचवत नाही अशीही बघितलीय. मी क्रमच बघतो. फंक्शन्स कशीही लावली तरी दोन वेगळे घोळके होतायत, या घोळक्यातलं त्या घोळक्याला क्वचित कॉल करतंय, म्हणजे त्या दोन फाइल्स आहेत. संगणकशास्त्रज्ञ पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की प्रोग्रामचे भाग पाडताना पायऱ्यांप्रमाणे पाडू नका, बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका भागात लपवा. माझ्या वरच्या उदाहरणात उद्या फाइलचा फॉरमॅट बदलला तर ओळ_तोड आणि तारीख_वाच दोन्हींना हात लागणार, रिपोर्ट_छापला नाही. प्रोग्राम वाढला तर पहिली फोड मी तिथेच करीन.

ग्रेपने (फाइल्समध्ये मजकूर शोधायची कमांड) व्याख्या पटकन सापडत नाही, नुसते कॉलच येतात, काय करू?

सीमध्ये लिहीत असाल तर ग्नू आणि बीएसडीवाल्यांची युक्ती वापरा. परत येणारा टाइप एका ओळीवर आणि फंक्शनचं नाव पुढच्या ओळीच्या पहिल्या कॉलमवर. मग ग्रेपला ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह आणि नाव दिलं की फक्त व्याख्या मिळते, कारण कॉल नेहमी आत सरकवलेला असतो. दिसायला विचित्र वाटतं, आठवड्याभरात सवय होते.

टीममध्ये प्रत्येकाची आवड वेगळी आहे, काय करायचं?

ज्या फाइलमध्ये जो क्रम आधीपासून आहे तो पाळायचा, मग तो आवडो न आवडो. नवी फाइल जो सुरू करेल त्याचा क्रम. मला अल्फाबेटिकल आवडत नाही तरी एखाद्याच्या अल्फाबेटिकल फाइलमध्ये मी माझं फंक्शन बरोबर अक्षराच्या जागीच टाकतो, कारण एका फाइलमध्ये दोन क्रम असणं हे कुठल्याही एका वाईट क्रमापेक्षा त्रासदायक. यावर मीटिंग मात्र घेऊ नका, रिव्ह्यूमध्ये एक ओळ लिहा, "हे ओळ_तोडच्या खाली हलव", बस.